पेशीच्या घरातली चूल

सजीवांचे प्रकार किती, असे कोणी विचारले तर आपण सहज सांगतो : दोन, वनस्पती आणि प्राणी. परंतु वडाचे झाड आणि माणूस यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याहून कितीतरी अधिक अंतर माणूस आणि दह्यातला जीवाणू यांच्यात आहे. हे उमगायला विज्ञानाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

हॉलंडातील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून १६७४ साली तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले आणि १६८३ साली दातांवरच्या किटणातले. त्याच्या लेखी दोन्ही 'चिमुकले प्राणी'च. पुढे १८३१ साली रॉबर्ट ब्राउन याने वनस्पतीच्या पेशीतील गोल ठिपक्याला केंद्रक हे नाव दिले. जीवाणूंत मात्र तसा ठिपका दिसेना. १९२५ साली शातों या फ्रेंच शास्त्रज्ञाने या दोन कुळांना स्वतंत्र नावे दिली : आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी. १९६२ साली स्टॅनियर व व्हान नील यांनी हा भेद पक्का केला.

आदिकेंद्रकी जीवाणू म्हणजे एका खोलीचा संसार. लांबी बहुधा मिलिमीटरच्या काही हजारांश. भोवती ताठ भिंत, आणि आनुवंशिक सूत्र आत मोकळेच पडलेले. दृश्यकेंद्रकी पेशी म्हणजे चौसोपी वाडा. सूत्र केंद्रकाच्या पडद्याआड, आणि प्रत्येक कामाला वेगळे दालन.

घर जसे, तसे जेवण. ताठ भिंतीमुळे जीवाणूला घास गिळता येत नाही. विरघळलेले अन्न तो शोषून घेतो. अमीबा मात्र भक्ष्याला सगळीकडून वेढून गिळतो. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही तेच करतात. पण तेवढ्यावरून जीवाणूला दरिद्री समजू नये! विनोग्राड्स्की याने १८८७ साली दाखवून दिले की, काही जीवाणू सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या गंधकी वायूवर गुजराण करतात. आपल्या चकलीच्या भाजणीत हरभऱ्याची डाळ असते. त्या हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत बसून हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवणारेही जीवाणूच.

मग वाड्यातली दालने आली कोठून? १९६७ साली लिन मार्ग्युलिस या तरुण अमेरिकन विदुषीने निबंध लिहिला : पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका आणि पानांतील हरितलवके हे एके काळचे स्वतंत्र जीवाणू होत. दुसऱ्या पेशीत ते शिरले, पचले नाहीत, आणि तेथेच नांदू लागले. पंधराएक नियतकालिकांनी हा निबंध साभार परत केला होता. परंतु या कणांना स्वतःचे आनुवंशिक सूत्र आहे, आणि ते जीवाणूंच्या सूत्राशी जुळते, हे पुढे सिद्ध झाले. ते आत नेमके कसे शिरले, याचा वाद अजून चालू आहे. त्यांच्या कुळाविषयी मात्र आता शंका उरलेली नाही.

आपण ज्याला क्षुद्र म्हणून हिणवले, तो आपल्या पेशीपेशीत चूल पेटवून बसला आहे. आज फराळाचा जो घास आपण खाऊ, त्याची ऊब अखेर त्याच चुलीवर तयार होणार आहे.