पॅसामाक्वाडी मेणनळ्या

अमेरिकेतील मेन राज्याच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या पॅसामाक्वाडी या आदिवासी जमातीच्या गाण्यांचा, कथांचा व बोलण्याचा, मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केलेला ध्वनिसंग्रह. माणसांच्या वस्तीत यंत्र नेऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी आज हाती असलेली ही सर्वांत जुनी मुद्रणे होत.

जेसी वॉल्टर फ्यूक्स हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. नैर्ऋत्येकडील झुनी लोकांकडे जाण्यापूर्वी एडिसनचा फोनोग्राफ वस्तीत जाऊन मुद्रण करण्याच्या कामी कितपत चालतो, हे त्याला अजमावायचे होते. त्यासाठी मार्च १८९० मध्ये तो मेनमधील कॅलेस या गावी गेला. जमातीतील नोएल जोसेफ्स व पीटर सेलमोर यांनी त्याच्या यंत्रापुढे सर्पनृत्याचे गाणे, युद्धगीत, व्यापाराचे गाणे, दंतकथा असे बरेच काही म्हटले. एका नळीवर जेमतेम दोन-तीन मिनिटे मावत, त्यामुळे लांबलचक कथेचे तुकडे पडत. शिवाय मेणावरून सुई फिरली की दर वेळी चर थोडे झिजत. ऐकणे म्हणजे काही अंशी पुसणेच होते.

नळ्या हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेल्या. तेथून १९७० मध्ये त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या. तेथे ३१ नळ्या आहेत. ज्यांचे आवाज, त्या लोकांना मात्र कॅसेटवरील प्रती मिळाल्या त्या १९८० नंतर, म्हणजे तब्बल नव्वद वर्षांनी, आणि त्याही खरखरीत बुडालेल्या. अलीकडे अंकीय तंत्राने आवाज बराच स्वच्छ झाला. तरी तो नुसता स्वच्छ असून भागत नाही. शब्द ओळखायला भाषा अंगात मुरलेला कान लागतो, आणि असे कान आता थोडेच उरले आहेत. भाषाशिक्षक ड्वेन टोमाह यांनी जाणत्यांच्या मदतीने एकेक नळी पुन्हापुन्हा ऐकून तिचे लेखन व भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. डेव्हिड फ्रान्सिस व रॉबर्ट लेव्हिट यांचा पॅसामाक्वाडी-मालिसीट शब्दकोश २००८ मध्ये निघाला होता, त्यामुळे लेखनपद्धतीचा प्रश्न मुळातून सोडवावा लागला नाही.

ग्रंथालयाच्या सूचीत आता प्रत्येक मुद्रणाशेजारी जमातीने स्वतःच्या भाषेत ठरवलेल्या खुणा दिसतात. त्यांतल्या एकीचा अर्थ ‘हे विक्रीस नाही’ असा आहे. सगळ्याच नळ्या सर्वांसाठी खुल्या झालेल्या नाहीत; कोणत्या ऐकवायच्या आणि कोणत्या घरातच ठेवायच्या, हे जमात ठरवते.