हिरावलेलें अजिंक्यपद

त्रिनिदाद या बेटाचें नांव आपल्याकडे घरोघरीं पोंचलें तें क्रिकेटमुळें. १९७१ च्या मार्च महिन्यांत, त्या बेटावरील पोर्ट ऑफ स्पेन शहरीं, अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखालीं भारतानें वेस्ट इंडीजला कसोटी सामन्यांत प्रथमच हरविलें, आणि त्याच सामन्यांत सुनील गावसकर यांनीं कसोटींत पदार्पण केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या बेटाचा एक सुपुत्र दूर अमेरिकेंत दुसऱ्याच एका खेळांत इतिहास घडवीत होता. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला, त्यानें महाविद्यालयीन फुटबॉलचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. तें पद पुढें काढून घेण्यांत आलें, आणि त्यानंतर तें पुन्हां जिंकण्यांतही आलें. त्या लिंकन फिलिप्स यांची आणि त्यांच्या शिष्यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

फिलिप्स यांचा जन्म १९४१ सालचा. मैदानावर ते गोलरक्षक. गोलरक्षकाची जागा मोठी विलक्षण असते. दहा गडी पुढें धांवत असतात आणि हा एकटा मागें उभा राहून साऱ्या मैदानाचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवीत असतो. कोण जागा सोडून भरकटला, कोणाच्या पाठीमागें शत्रु मोकळा राहिला, हें त्यालाच आधीं दिसतें. शिक्षकाची निम्मी विद्या या जागेवर उभें राहूनच हस्तगत होते, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९६७ सालीं कॅनडांतील विनिपेग येथील पॅन-अमेरिकन क्रीडामहोत्सवांत त्रिनिदादच्या संघानें कांस्यपदक मिळविलें, त्या संघांत फिलिप्स होते. पुढच्याच वर्षीं ते धंदेवाईक खेळाडू म्हणून अमेरिकेंत आले. प्रथम बाल्टिमोरच्या व नंतर वॉशिंग्टनच्या संघांतून ते खेळले. वॉशिंग्टनला खेळाडू असतांनाच संघाला शिकविण्याचेंही काम त्यांच्याकडे आलें. अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलचे पहिले कृष्णवर्णीय शिक्षक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. १९७० सालीं हॉवर्ड विद्यापीठानें त्यांना आपल्या संघासाठीं पाचारण केलें.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ लोकप्रिय आहे तो लांबट चेंडूचा. आपल्या फुटबॉलला तेथें सॉकर म्हणतात, आणि सामान्य अमेरिकन माणसाला त्या काळीं त्याचें फारसें अगत्य नव्हतें. याला ठळक अपवाद सेंट लुइस शहराचा. तेथील कॅथॉलिक चर्चांच्या आश्रयानें मुलें लहानपणापासून सॉकर खेळत. मुख्यतः या गांवच्याच गोऱ्या तरुणांच्या बळावर सेंट लुइस विद्यापीठानें १९५९ पासून १९७३ पर्यंत दहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. हॉवर्डची परंपरा वेगळी. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यावर दोन वर्षांनीं, १८६७ सालीं, गुलामगिरींतून मुक्त झालेल्या समाजाला उच्च शिक्षणाचीं दारें खुलीं व्हावींत या हेतूनें स्थापन झालेलें हें विद्यापीठ. पुढें वेस्ट इंडीज व आफ्रिका येथील विद्यार्थीही तेथें मोठ्या संख्येनें येऊं लागले. हे तरुण सॉकर जन्मापासून जाणत होते. निरनिराळ्या देशांच्या खेळाच्या निरनिराळ्या तऱ्हांतून एकजीव संघ घडविणें, हें काम फिलिप्स यांच्या वांट्याला आलें.

दुसऱ्याच वर्षीं त्याला फळ आलें. डिसेंबर १९७१ मध्यें मायामी येथें अंतिम सामन्यांत हॉवर्डनें बलाढ्य सेंट लुइसचा तीन विरुद्ध दोन गोलांनीं पराभव केला. त्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेंत कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठानें कोणत्याही खेळांत मिळविलेलें हें पहिलें अजिंक्यपद होय.

परंतु हा आनंद फार काळ टिकला नाहीं. महाविद्यालयीन खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेनें हॉवर्डची चौकशी आरंभिली, आणि जानेवारी १९७३ मध्यें निकाल दिला. कांहीं खेळाडू नियमानुसार पात्र नव्हते, म्हणून १९७१ चें अजिंक्यपद रद्द झालें व १९७३ च्या अखेरच्या स्पर्धेंत उतरण्यास हॉवर्डला मनाई झाली.

आतां हे नियम काय होते तें पाहूं. त्यांपैकीं एक केवळ परदेशी विद्यार्थ्यांनाच लागू होता. एकोणीस वर्षांचा झाल्यावर जो परदेशी विद्यार्थी आपल्या मायदेशीं कोणत्याही संघटित स्पर्धेंत खेळला असेल, त्याच्या महाविद्यालयीन खेळाच्या मुदतींतून तशा प्रत्येक वर्षाबद्दल एक वर्ष कमी होई. मग तो तेथें निव्वळ हौशी म्हणून खेळलेला कां असेना! अमेरिकन तरुण मात्र त्याच वयांत आपल्या गांवच्या संघांतून खेळला तर त्याला ही वजाबाकी नसे. वयानें व अनुभवानें मोठे असे परके खेळाडू येऊन स्पर्धा एकतर्फी करतील, अशी भीति या नियमाच्या मुळाशीं होती. भीति अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. पण अनुभव हाच जर दोष, तर तो जन्मस्थान पाहून कसा मोजावयाचा?

हॉवर्डनें हाच प्रश्न न्यायालयापुढें नेला. १९७३ सालीं खालच्या न्यायालयानें आणि १९७५ सालीं अपील न्यायालयानें परदेशी विद्यार्थ्यांविषयींचा हा नियम घटनेंतील समतेच्या तत्त्वाशीं विसंगत म्हणून अवैध ठरविला. मात्र गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शैक्षणिक पात्रतेचा व खेळण्याच्या एकूण मुदतीचा असे जे दोन नियम सर्वांनाच सारखे लागू होते, ते न्यायालयानें वैध मानले. त्यामुळें शिक्षा कायम राहिली आणि गेलेलें पद परत आलें नाहीं. तत्त्वाचा जय झाला, पण ढाल हातीं आली नाहीं.

अशा वेळीं शिक्षकाची खरी कसोटी लागते. अन्याय झाला असें ज्या तरुणांच्या मनानें घेतलें, त्यांच्या हातून एक तर उद्धटपणा घडतो किंवा त्यांचा हुरूप तरी मावळतो. फिलिप्स यांच्या संघाचें दोन्हींपैकीं कांहींच झालें नाहीं. १९७४ च्या हंगामांत हॉवर्डनें एकोणीस सामने खेळले आणि एकोणीसही जिंकले. त्रेसष्ट गोल केले व अवघे सहा स्वीकारले. अंतिम सामना पुन्हां सेंट लुइसशींच, आणि तोही त्यांच्याच शहरांत, त्यांच्याच प्रेक्षकांपुढें! ठराविक वेळांत एक-एक अशी बरोबरी झाली. जादा वेळाचे तीन डाव निर्णयाविना गेले. अखेर चौथ्या डावांत केनेथ इलोडिग्वे या नायजेरियन खेळाडूनें गोल केला आणि हॉवर्डनें दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला. हें पद कोणीही रद्द केलें नाहीं.

हॉवर्डमधील आपल्या कारकीर्दींत फिलिप्स यांच्या संघानें एकशेंसोळा सामने जिंकले आणि एकोणीस गमावले. पुढें त्यांनीं मायदेशाच्या फुटबॉल-संस्थेचे तांत्रिक संचालक म्हणून काम केलें. २००६ सालीं जर्मनींतील विश्वचषक स्पर्धेंत त्रिनिदाद प्रथमच उतरलें, आणि पहिल्याच सामन्यांत स्वीडनला गोलशून्य बरोबरींत रोखून धरलें. त्या दिवशीं अभेद्य राहिलेला गोलरक्षक शाका हिस्लॉप हाही हॉवर्डचाच माजी विद्यार्थी होता. फिलिप्स यांनीं विद्यापीठ सोडल्याला तेव्हां बराच काळ लोटला होता. परंतु त्यांनीं पाडलेली वाट बुजली नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धेच्या दप्तरांत १९७१ या सालासमोर विजेत्याची जागा आजही रिकामी आहे. तेथें सेंट लुइसचें नांव नाहीं आणि हॉवर्डचेंही नाहीं. जणूं त्या वर्षीं कोणी जिंकलेंच नव्हतें! पण त्याच पानावर थोडें खालीं, १९७४ पुढें, हॉवर्डचें नांव ठळकपणें छापलेलें आहे. दप्तरांतील एक ओळ पुसण्याचा अधिकार संस्थांना असतो. ती ओळ जेणेंकरून लिहिली गेली तें सामर्थ्य पुसण्याचा अधिकार मात्र कोणालाच नसतो. आपल्या शिष्यांच्या ठायीं तें सामर्थ्य शाबूत ठेवणें, हेंच शिक्षकाचें काम. आणि लिंकन फिलिप्स यांनीं तें चोख बजावलें.