पाट, फणस आणि झाडाचा धनी

शनिवार-रविवार हाताशी धरून घरच्या घरी एखादा पाट किंवा चौरंग करावा, ही हौस रोहा-पेणकडे नवी वाटली तरी काम जुनंच आहे. पाटाला लागतं काय? एक रुंद फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. फळी गुण्याने काटकोनात आखायची, रंधा मारायचा, खालच्या अंगाला तिरप्या कडांच्या खाचा पाडून पट्ट्या सरकवून बसवायच्या. घाई करून खिळे ठोकले तर फसगत ठरलेली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जखडून ठेवली की चिरते. हात बसलेल्या माणसाला हे दोन दिवसांचं काम. तरीही कुंडलिकेकाठच्या रोहा-वरशापासून पेणपर्यंत घरात लाकडाचं काय बनावं, हे कसबापेक्षा झाड कोणाचं यावरच जास्त ठरत आलं, असं माझं मत आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे 1716) आरमाराच्या लाकडाबद्दल एक प्रकरण आहे. सागासारखं रानातलं लाकूड परवानगीने तोडावं, पण आंब्या-फणसाला हात लावू नये; ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच न्यावं. आंग्र्यांचं आरमार ज्या किनाऱ्यावर वाढलं, तिथे या नियमाला वजन होतं. साग राजाचा आणि फणस घरधन्याचा, ही वाटणी त्यात उघड दिसते. इंग्रजांनी 1878 च्या वन कायद्याने रानाभोवतीचं कुंपण अधिक घट्ट केलं. त्याचा सल किती खोल होता, हे पेणच्या शेजारच्या उरण भागात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी दिसलं. जंगल सत्याग्रहावर तिथे गोळीबार झाला. रानातला साग असा दुरावल्यावर घरगुती पाटासाठी परसातला फणस उरला, यात नवल ते काय!

यावर कोणी म्हणेल, फणसाचा पाट शुभ मानतात म्हणून तो वापरला, मालकीचा काय संबंध? गणपतीसाठी घरचा पाट आधी मूर्तिशाळेत नेऊन देण्याची कोकणातली रीत पाहिली, की या म्हणण्यात तथ्य वाटतं. पण नुसत्या पावित्र्यावर लाकूड ठरत असतं तर वड-पिंपळाचे पाट घरोघर दिसले असते. आंबाही मंगलच, पण त्याला भुंगा लवकर लागतो. फणसाचं पिवळं लाकूड हत्याराला सोपं, वाळवीला चिवट आणि मुख्य म्हणजे दारातलं. शुभत्व त्याला या गुणांमुळे चिकटलं असावं, असा माझा तर्क.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही कामं सुतार करत होता, घरधनी नव्हे. मग झाडाच्या मालकीला एवढं महत्त्व का? बलुत्याच्या रीतीत सुतार धान्याच्या बदल्यात नांगर, कुळव, जू करून देई आणि दुरुस्तही करी. घरबांधणी आणि घरातलं सामानसुमान सहसा त्याबाहेरचं, वेगळ्या मजुरीचं. लाकूड मात्र बहुधा काम सांगणाऱ्याचं. म्हणजे फणस ज्याच्या परसात, त्याला फक्त मजुरी जड. ज्याला परसच नाही त्याला लाकूडही विकतचं. सुताराचं कसब दोघांसाठी सारखंच होतं, फरक झाडाने पडला.

स्वातंत्र्यानंतर ही वाटणीही पुसट झाली. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा-फणसही आले, आणि स्वतःच्या जमिनीतलं झाड पाडायलाही परवानगी लागू लागली. उजाड होत चाललेले डोंगर पाहता कायदा चुकीचा म्हणवत नाही. पण आज्ञापत्राने जे झाड रयतेच्या पदरात सोडलं होतं तेही सरकारदप्तरी गेलं, हेही खरंच. आजचा हौशी माणूस म्हणूनच प्लायवूड आणतो. प्लायवूड फारसं फुगत नाही की आकसत नाही, त्यामुळे त्या तिरप्या खाचांचं कारणही उरत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडभर आंबे-फणस मुळासकट आडवे झाले, तेव्हा घरचं लाकूड अचानक मुबलक झालं. पण ओल्या फणसाची फळी चिरून, चळत लावून, सावलीत किमान एखादं वर्ष वाळवल्याशिवाय ते दोन दिवसांचं काम सुरूच होत नाही.