शक्तिवर्धक व्यायाम आणि वजननियंत्रण

शक्तिवर्धक व्यायाम म्हणजे स्नायूंना सवयीपेक्षा अधिक भाराविरुद्ध काम करावयास लावून त्यांचे बळ वाढविणारा व्यायाम होय. हा भार स्वतःच्या शरीराचा असतो (जोर, बैठका, मल्लखांब), लाकडी मुद्गलाचा असतो किंवा डंबेल-बारबेलच्या लोखंडी तबकड्यांचा असतो. वजन घटविण्याचा विचार करताना बहुतेक लोक आहार कमी करणे आणि चालणे या दोहोंपाशीच थांबतात. मात्र उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हा प्रश्न वजनकाट्यावरील आकड्याहून महत्त्वाचा आहे, आणि त्या ठिकाणी शक्तिवर्धक व्यायामाचे खरे प्रयोजन दिसून येते.

नाशिक परिसरातील परंपरा

नाशिक जिल्ह्याला शरीरबलाच्या उपासनेची जुनी परंपरा आहे. मल्लखांबाचे प्रवर्तक मानले जाणारे आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे व्यायामगुरू असलेले बाळंभटदादा देवधर हे निफाड तालुक्यातील कोठुरे गावचे. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारल्यावर त्यांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली आणि तेथे त्यांना मारुतीच्या दृष्टान्तातून लाकडी खांबावरील ही विद्या प्राप्त झाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मल्लखांब हा स्वतःच्या वजनाचाच भार म्हणून उपयोग करणारा परिपूर्ण शक्तिवर्धक व्यायाम आहे. नाशिक शहरातील यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांनी तो जपला. कुस्तीतही नाशिकचे स्थान आहे; जानेवारी २०२० मध्ये नाशिकचे प्रतिनिधित्व करणारे हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी ठरले.

तालमीची शिकवण क्रमाक्रमाने वाढीची असते. नवख्या मुलाला वस्ताद पहिल्या दिवशी मोजकेच जोर काढावयास सांगतात आणि अंगात मुरल्यावर संख्या वाढवितात. हेच तत्त्व अमेरिकी लष्करी वैद्य थॉमस डीलॉर्म यांनी १९४० च्या दशकात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी मोजून-मापून मांडले. आज ‘क्रमवर्धी भार’ या नावाने ते जगभर शिकविले जाते.

तालमीतील खुराकाचे मात्र तसे अनुकरण करता येत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई हा आहार दररोज शेकडो जोर-बैठका मारून वर हौद्यात कुस्ती खेळणाऱ्यासाठी असतो. तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते.

स्नायू, चरबी आणि ‘कृश-स्थूल’ भारतीय

शरीर खर्च करते त्याहून कमी ऊर्जा आहारातून मिळाली म्हणजे वजन उतरते. यास दुसरा मार्ग नाही. परंतु केवळ उपासमारीने उतरविलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. ढोबळमानाने एकूण घटीचा पाव भाग चरबीविरहित शरीरभाराचा असतो. शक्तिवर्धक व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी ही हानी पुष्कळ कमी होते. तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण असेही हळूहळू घटत जाते, त्यामुळे वारंवार उपवासाने वजन कमी करून पुन्हा वाढविणाऱ्या व्यक्तीचे नुकसान दुहेरी होते. गेलेले स्नायू आपोआप परतत नाहीत, चरबी मात्र सहज परतते.

भारतीयांच्या बाबतीत या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक (उंचीच्या तुलनेत वजन) सारखाच, म्हणजे २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबी अधिक व स्नायू कमी असू शकतात, हे यातून ठळक झाले. याच कारणाने भारतात निर्देशांक २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानण्याची शिफारस आहे. जागतिक पातळीवर हे आकडे अनुक्रमे २५ व ३० आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा, असे मानले जाते. शिंप्याची फीत या कामी वजनकाट्याइतकीच उपयोगी पडते.

व्यायामाची मांडणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांना भार द्यावा. नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानावर (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान) चालणारे किंवा सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारे नागरिक पहिला भाग पूर्ण करतात; दुसरा भाग बहुधा राहून जातो. श्रावणातील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी श्रद्धेने व हौसेने केली जाते. मात्र वर्षातून एक दिवसाच्या श्रमाने स्नायू बळकट होत नाहीत.

नवख्या व्यक्तीला महागड्या साधनांची गरज नसते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे आणि पुढे जमिनीवरचे जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा पिशवी उचलणे, जिना चढणे यांपासून आरंभ करता येतो. एका प्रकाराच्या ८ ते १२ आवृत्त्या, अशी दोन-तीन आवर्तने, आणि शेवटच्या दोन आवृत्त्या कष्टाने पण शुद्ध पद्धतीने होतील इतका भार, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. बारा आवृत्त्या सहज होऊ लागल्या की भार किंचित वाढवावा. त्याच स्नायुगटाला पुन्हा ताण देण्यापूर्वी एक दिवस विश्रांती द्यावी. सुरुवातीच्या काही आठवड्यांतील बळवाढ मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावामुळे होते. स्नायूंचे आकारमान नंतर वाढते.

आहार

दररोज सुमारे ५०० किलोकॅलरींची तूट ठेवल्यास आरंभी आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरते. पुढे वेग मंदावतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. भार उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांना सामान्यतः १.२ ते १.६ ग्रॅम सुचविले जातात. हीच संस्था प्रथिनांच्या डब्याबंद भुकट्यांचा वापर टाळण्याचा सल्ला देते. घरच्या स्वयंपाकात मटकी, हरभरा, तूर यांच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर आहेत, परंतु १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरीही आहेत.

नाशिकची मिसळ या दृष्टीने उगाच बदनाम आहे. तिच्यातील मटकीची उसळ उत्तम प्रथिनयुक्त अन्न होय. ऊर्जेचा भार येतो तो तर्रीतील तेल, फरसाण आणि पावांमुळे. उलट पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातील नागली कॅल्शियमसाठी खरोखर मोलाची असली, तरी तिच्या पिठातील ऊर्जा ज्वारीच्या पिठाच्या जवळपास आहे. केवळ नागली खाल्ल्याने वजन उतरते हा समज म्हणूनच निराधार ठरतो. ताजी द्राक्षे आणि बेदाणे यांतही फरक आहे: पाणी आटल्यामुळे सारख्याच वजनाच्या बेदाण्यांत ऊर्जा सुमारे चौपट भरते.

गैरसमज

पोटाचे व्यायाम केल्याने केवळ पोटावरची चरबी जात नाही. ती शरीराच्या कोणत्या भागातून आधी कमी व्हावी हे आनुवंशिकता व संप्रेरके ठरवितात. वजने उचलल्याने स्त्रियांचे शरीर पुरुषी होते ही भीतीही अवाजवी आहे. स्नायू वाढले की झोपेतही भरमसाट ऊर्जा जळते, ही जाहिरातींत आवडीने केली जाणारी अतिशयोक्ती होय: एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी वापरतो, चरबी सुमारे साडेचार. घाम गाळून उतरलेले वजन पाण्याचे असते. १९९७ मध्ये अमेरिकेत वजनगटात बसण्यासाठी अशा रीतीने वजन उतरविणाऱ्या तीन महाविद्यालयीन मल्लांचा मृत्यू झाला, त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले.

दक्षता

भार उचलताना श्वास सोडावा. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया किंवा गर्भावस्था असल्यास वैद्यकीय सल्ल्यानेच आरंभ करावा. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी व्यायामापूर्वी साखर तपासावी व बरोबर गोड पदार्थ ठेवावा. दुसऱ्या दिवशी अंग दुखणे स्वाभाविक आहे. मात्र अतिरेकी व्यायामानंतर स्नायू सुजणे आणि लघवी गडद तपकिरी होणे हे स्नायू विघटित होऊन मूत्रपिंडावर ताण आल्याचे लक्षण असू शकते, अशा वेळी विलंब न करता रुग्णालयात जावे.