धाव ढिली का होते?

रहिमतपूर परिसरात बैलगाडीचे चाक हे सुतार व लोहार दोघांचे काम असे. सुतार तुंब्यात आरे ठोकी, त्यांवर पुठ्ठे म्हणजे परिघाचे लाकडी तुकडे बसवी. लोहार वर लोखंडी धाव चढवी. ही धाव मुद्दाम किंचित लहान असे. दीड मीटर व्यासाच्या चाकाची धाव ४०० अंश सेल्सिअसने तापवली, की सुमारे दोन सेंटिमीटर लांबते. चढवून पाणी ओतले, की आकसून सारे सांधे आवळते.

फोर्डच्या १९१७ च्या ‘टीटी’ ट्रकलाही लाकडी आरे होते. त्यांची पाचरीसारखी टोके मध्यभागी लोखंडी चकत्यांत बोल्टांनी आवळलेली असत. असे चाक दुरुस्तीसाठी उलगडताना आधी आऱ्यांवर क्रमांक घालावेत, मग बोल्ट काढावेत; हातोडा शेवटी. आणि चाक कोरडे हवे. का?

उन्हाळ्यात बैलगाडीची धाव ढिली होते. ‘लोखंड प्रसरण पावते म्हणून’, असे विद्यार्थी म्हणतील. त्यांना हिशेब करू द्या. तापमान २० अंशांनी वाढले तर धाव जेमतेम एक मिलिमीटर लांबते. खरे कारण लाकडात आहे : ते सुकून आकसते. म्हणून तर गाडीवान चाके पाण्यात भिजत ठेवत. भिजलेले लाकूड फुगून सांधे घट्ट धरते. उलगडू गेल्यास आरेच फुटायचे!