कॉसमॉसचे ९४ कोटी आणि प्रोग्राम उलटा वाचायची विद्या

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या नकला करून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात आणखी अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापूरचीही एटीएम होती. १३ तारखेला स्विफ्टमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळते झाले. एकूण ९४ कोटींच्या वर.

त्या आठवड्यात इथं बुलढाण्यात चहाच्या टपरीवर एका निवृत्त गुरुजींनी मला गाठलं. "भाऊ, १९०६ सालची बँक लुटल्या जाते, मंग आमच्या पतसंस्थेचं काय?" मी म्हटलं, "हॅकरनं केलं, गुरुजी." ते म्हणाले, "ते पेपरात वाचलं. पण केलं कसं?" पत्रकार असून मला सांगता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

चोर गेल्यावर मागं उरते ती मशीनच्या भाषेतली फाइल. प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर नसतोच. दळून आणलेल्या पिठासारखं आहे हे. दाणे परत जोडता येत नाहीत, पण ज्वारी होती की गहू, भेसळ झाली का, हे जाणकार सांगू शकतो. तसं मशीनच्या आज्ञांवरून माणसाला वाचता येईल असा अंदाजी प्रोग्राम परत मांडतात. त्याला स्यूडोकोड म्हणतात आणि या कामाला डीकंपायलिंग. मूळ नावं, टिपा बहुतेक गेलेल्या असतात. 'असं असेल तर तसं कर' हा सांगाडा मात्र सापडतो.

ही विद्या चोर पकडायला जन्मली नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जुने प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर न्यायचे म्हणून पहिले प्रयत्न झाले. १९९४ मध्ये क्रिस्टिना सिफ्युएंतेस यांनी ऑस्ट्रेलियात पीएचडीच्या प्रबंधात तिची पद्धतशीर मांडणी केली. २००७ ला हेक्स-रेज हे विकतचं साधन आलं. आणि मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेनं आपलं 'घिड्रा' सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं.

गुरुजींच्या 'कसं'चं उत्तर अशाच वाचनातून येतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी सरकारनं 'फास्टकॅश' नावाच्या चोरीचा इशारा काढला. बँकांच्या सर्व्हरवर सापडलेल्या फाइली तज्ज्ञांनी उलट्या वाचल्या होत्या. एटीएम पैसे द्यायच्या आधी बँकेच्या स्विच सर्व्हरला विचारतं. घुसवलेला प्रोग्राम तिथंच बसून कार्ड नंबर पाहतो. नंबर चोरांच्या यादीतला असला, की खातं न तपासता स्वतःच 'मंजूर' असं उत्तर धाडतो. इशाऱ्यात कॉसमॉसचं नाव नव्हतं, पण चोरी त्याच जातीची. कॉसमॉसमध्येही ग्राहकांच्या खात्यातून पैसे गेले नव्हते, फटका बँकेला बसला. २०१९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ अहवालानं कॉसमॉसची चोरी उत्तर कोरियाच्या नावावर मांडली.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना दोषी ठरवलं. एटीएमसमोर उभा राहणारा माणूस कॅमेऱ्यात सापडतो. सर्व्हरमध्ये बसलेला प्रोग्राम वाचणाराच नसेल, तर तो पुढच्या बँकेत जातो.

आता मुद्द्याचं. आपला जिल्हा पतसंस्थांवर चालतो. सोयाबीनचे, कापसाचे, निवृत्तीचे पैसे तिथंच आहेत. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं असतं आणि आत काय चाललंय हे संचालकांनाही ठाऊक नसतं. कायदा आडवा येतो म्हणावं, तर कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीनं रीतसर घेतलेला प्रोग्राम कसा चालतो याचा अभ्यास करायची मुभा दिली आहे. घिड्रा फुकट आहे. शेगावात १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आपली पोरं हे शिकू शकतात, राजेहो!

सप्टेंबरअखेर आमसभा असते. लाभांश किती, हे विचाराच. सोबत एवढंही विचारा: आपलं सॉफ्टवेअर शेवटचं कोणी तपासलं? आणि उद्या सर्व्हरवर अनोळखी फाइल सापडली, तर ती वाचणार कोण?

गुरुजी या वर्षी विचारणार आहेत. तुम्ही?