मित्रांसोबत समुद्रकिनाऱ्यावरून अनेक दिवसांची पदयात्रा: निघण्यापूर्वी तब्येतीची तयारी कशी करावी?

चाळिशी-पन्नाशीतले मित्र एकत्र जमले की कोणीतरी म्हणतो, "चला, एकदा किनाऱ्याने चालत जाऊया." कोकणात अशी वाट सहज आखता येते. उदाहरणार्थ, वेंगुर्ल्याहून निघून खवणे, निवती, भोगवे करत, कर्ली नदीच्या मुखापाशी होडीने देवबागला उतरायचे आणि तारकर्लीमार्गे मालवण गाठायचे. नकाशावर ही वाट सपाट आणि सोपी दिसते. डोंगर चढायचा नाही, म्हणून बरेच जण डॉक्टरांना न विचारताच निघतात.

किनाऱ्याची वाट शरीराची वेगळ्या प्रकारे परीक्षा घेते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असली तरी योग्य तयारीने बहुतेकांना असा प्रवास करता येतो. ही तयारी काय आणि कशी करायची, याची माहिती या लेखात दिली आहे.

किनाऱ्यावरचे चालणे वेगळे का असते?

- वाळू: कोरड्या, भुसभुशीत पुळणीवर चालायला कडक रस्त्यापेक्षा साधारण दुप्पट ऊर्जा लागते. रस्त्यावर दहा किलोमीटर चालणाऱ्याला पुळणीवरचे सहा किलोमीटरही जड जातात.
- उतार: किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने तासन्‌तास चालल्यास एका पायाचा घोटा, गुडघा आणि कंबर यांवर जास्त ताण येतो.
- दमट हवा: घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. पारा ३२-३३ अंशांवर असला तरी उष्णतेचा त्रास होऊ शकतो.
- सडा: दोन पुळणींच्या मध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. तिथे सावली नसते आणि दगड तापलेला असतो.
- भरती: भरतीच्या वेळी ओली, कडक वाळू पाण्याखाली जाते. मग भुसभुशीत वाळूतून किंवा निसरड्या खडकांवरून चालावे लागते.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबरमध्ये ऊन तीव्र असते, मार्चपासून उकाडा वाढतो आणि पावसाळ्यात किनाऱ्याने जाणे धोक्याचेच असते.

निघण्यापूर्वी कोणी डॉक्टरांना भेटावे?

खालीलपैकी काहीही असल्यास किमान दीड-दोन महिने आधी आपल्या डॉक्टरांना भेटा:

- मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा आजार, फिट्स
- पूर्वी हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असणे
- जिने चढताना किंवा भरभर चालताना छातीत दडपण, धाप किंवा चक्कर
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे
- वय ४५ च्या पुढे आणि आतापर्यंत व्यायामाची सवय नसणे

छातीतले दडपण "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून सोडून देऊ नका. चालताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे दडपण हृदयाचे असण्याची शक्यता असते. त्याची तपासणी होईपर्यंत प्रवास पुढे ढकलणे शहाणपणाचे.

धनुर्वाताची लस १० वर्षांत घेतलेली नसेल तर ती घ्या. शिंपले, गंजलेले गळ आणि जुनी जाळी यांनी पाय कापणे किनाऱ्यावर नेहमीचे आहे.

सराव किती हवा?

सहा ते आठ आठवडे पुरेसे आहेत. आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापासून सुरुवात करून दीड तासापर्यंत जा. शेवटच्या तीन आठवड्यांत पाठीवर सॅक घेऊन आणि प्रवासात घालणार तेच बूट घालून चाला. सलग दोन दिवस लांब चालून पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण पहिल्या दिवशी सगळेच चालतात, खरा थकवा दुसऱ्या दिवशी कळतो. सॅकचे वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. रोजचा टप्पा ठरवताना ग्रुपमधल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग धरा.

ग्रुपमध्ये आजार लपवू नका

आम्ही कॉलेजचे सहा मित्र काही वर्षांपूर्वी याच वाटेने गेलो होतो. तिसऱ्या संध्याकाळी आमच्यातला सर्वांत विनोदी मित्र अचानक चिडचिड करू लागला. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो," म्हणून वाळूत बसला. आम्हाला वाटले, दमला किंवा रागावला. मागे वळून पाहिले तेव्हा तो घामाने भिजला होता आणि त्याचे बोलणे अडखळत होते. साखर उतरली होती. सॅकमधल्या ग्लुकोज पावडरने तो पंधरा-वीस मिनिटांत सावरला. वर्षभरापासून तो मधुमेहाची गोळी घेत होता, पण चेष्टा होईल म्हणून कोणालाच सांगितले नव्हते. ग्रुपमध्ये मी डॉक्टर होतो, तरी निघण्यापूर्वी मीही कोणाला काही विचारले नव्हते. चूक त्याच्याइतकीच माझीही होती.

तेव्हापासून मी प्रत्येक ग्रुपला एक साधी सूचना करतो. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपले आजार, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, औषधांची किंवा खाण्याची अ‍ॅलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहावा. ती चिठ्ठी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावी आणि तिचा फोटो ग्रुपमधल्या आणखी दोघांकडे द्यावा. चारचौघांत बोलायला संकोच वाटत असेल तर निदान एका मित्राला तरी नक्की सांगा.

मधुमेह असल्यास

- इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब चालल्यावर उतरू शकते. या दिवसांत डोस कमी करायचा का, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- सकाळी निघताना, दुपारी आणि झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरने साखर तपासा. दिवसभर चालल्यानंतर साखर रात्री झोपेतही उतरू शकते. त्यामुळे रात्रीचे जेवण टाळू नका आणि रिकाम्या पोटी मद्य घेऊ नका.
- थरथर, घाम, धडधड, चिडचिड किंवा गोंधळ जाणवल्यास, किंवा साखर ७० च्या खाली असल्यास, लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बरे वाटल्यावर काहीतरी खा आणि मगच चाला.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते. उलट्या-जुलाब झाल्यास किंवा जेवण बंद झाल्यास या गोळ्या थांबवाव्या लागतात. याविषयी आधीच विचारून ठेवा.
- इन्सुलिन सॅकच्या मध्यभागी, ओल्या कापडाच्या किंवा थंड ठेवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. उन्हातल्या गाडीत ठेवू नका. बर्फाला थेट टेकवूही नका.
- अनवाणी चालू नका. पायांची संवेदना कमी झालेल्यांना तापलेली वाळू भाजते ते कळत नाही. तळव्याला फोड आल्याचे संध्याकाळी दिसते आणि जखम भरायला महिने जातात. रोज रात्री तळवे व बोटांमधल्या फटी पाहा. स्वतःला दिसत नसेल तर मित्राला पाहायला सांगा.

रक्तदाब आणि हृदयविकार असल्यास

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध असते, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. खूप घाम येत असताना या गोळ्यांमुळे चक्कर, पेटके आणि अशक्तपणा येऊ शकतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, प्रवासापुरता काही बदल हवा का ते विचारा.

पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज घेणे टाळा. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांना. पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित आहे.

शहाळ्याचे पाणी चांगलेच, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे.

पाणी आणि ऊन

चालताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी थोडे थोडे प्या. लघवी गडद पिवळी झाली किंवा पाच-सहा तास झालीच नाही, तर पाणी कमी पडत आहे. उलट, नुसते साधे पाणी लिटरमागून लिटर प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरू शकते. म्हणून सोबत खारे काही खा किंवा ओआरएस घ्या. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला.

सूर्योदयाला निघा आणि अकराच्या आत सावली गाठा. उरलेले चालणे चारनंतर करा.

- उष्णतेने थकवा: भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, चक्कर. सावलीत झोपवा, पाय उंच ठेवा, ओआरएस द्या. त्या दिवशी पुढे चालू नका.
- उष्माघात: अंग खूप तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध होतो. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. ही जिवावरची वेळ आहे. आधी अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान, काखा व जांघेत थंड कापड ठेवा. थंड करणे चालू ठेवूनच रुग्णालयात न्या.

समुद्र आणि खाडी

भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोन वेळा होते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा खडकाखालची वाट लवकर बंद होते. आदल्या संध्याकाळी गावातल्या मच्छीमारांना वेळ विचारा आणि त्यावरून टप्पा आखा. खाडीचे पाणी उथळ दिसले तरी चालत ओलांडू नका, होडीने जा आणि लाइफ जॅकेट घाला. मद्य घेतल्यावर पाण्यात उतरू नका. कोणी बुडत असेल तर स्वतः उडी न मारता दोरी, रिकामा कॅन किंवा लांब काठी फेका आणि मच्छीमारांना हाक द्या.

दंश आणि विषबाधा

- जेलीफिश: समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात २०-३० मिनिटे ठेवा. वाळूने चोळू नका. गोडे पाणी किंवा लघवी घालू नका.
- पाकट माशाचा काटा: उथळ पाण्यात पाय घासत चालले की पाकट दूर जाते. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपटू नका.
- साप: कोकणात फुरशाचे प्रमाण मोठे आहे. अंधारात बॅटरी आणि बूट वापरा, दगडाच्या फटीत हात घालू नका. दंश झाल्यास अवयव न हलवता फळीला सैल बांधा, अंगठी-घड्याळ काढा आणि थेट रुग्णालयात जा. घट्ट आवळू नका, चिरू नका, चोखू नका, साप पकडण्यात वेळ घालवू नका.
- मासे: बांगडा, सुरमई यांसारखे मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले तर ते खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, अंगाला खाज, डोकेदुखी, जुलाब होऊ शकतात. तळून किंवा उकळूनही हे विष जात नाही. ताज्या माशाचाच आग्रह धरा.

औषधांची पिशवी

रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्या आणि दोन वेगळ्या सॅकमध्ये विभागून ठेवा. याशिवाय ओआरएसची दहा पाकिटे, ग्लुकोज पावडर, पॅरासिटामॉल, सिट्रिझिन, जंतुनाशक मलम, गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, चिमटा, कात्री, ग्लुकोमीटर आणि सनस्क्रीन हवे. पायाला फोड येण्याआधी जागा चुरचुरते, तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका.

मदत कुठे मिळेल?

रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवा. वेंगुर्ला आणि मालवण येथे सरकारी रुग्णालये आहेत, जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. प्रत्येक टप्प्यावर पुळणीवरून गाडीरस्त्याकडे जायची वाट कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवा. काही ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून रोजचा मुक्काम घरी कळवत जा.

ताबडतोब थांबून मदत कधी घ्यावी?

- छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात दुखणे, थंड घाम
- असंबद्ध बोलणे, बेशुद्धी, फिट
- बसल्या जागीही धाप लागणे
- कोणताही सर्पदंश, दुखत नसला तरी
- चोवीस तासांनंतरही न थांबणाऱ्या उलट्या-जुलाब किंवा लघवी बंद होणे

घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगा की तुम्ही कोकणात फिरून आलात, आणि चिखल, शेताचे पाणी किंवा जंगलातल्या गोचिडांशी संबंध आला होता का. लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, तसेच सावंतवाडी-दोडामार्गच्या जंगलभागात आढळणारा माकडताप यांचे निदान या एका माहितीमुळे लवकर होऊ शकते.

शेवटी एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवून घ्या: कोणीही "मला जमत नाही" म्हटले तर त्याची चेष्टा करायची नाही, त्याला एकटे मागे सोडायचे नाही आणि सगळ्यांनी थांबायचे. मालवण एक दिवस उशिरा गाठले तरी चालेल, पण निघालेले सगळे तिथे पोहोचले पाहिजेत.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधांच्या डोसमध्ये कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*